चित्रांचे सौदे

लिलाव ही आमच्या भागातल्या माणसाला परकी गोष्ट नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात, तासगावला बेदाण्याचे, कोल्हापूरला गुळाचे. अडत्याच्या दुकानापुढे मालाची रास पडलेली असते. व्यापारी मंडळी घोळक्याने एकेका राशीपुढे सरकत असतात. कोणी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, कोणी गुळाचा खडा जिभेवर ठेवतो, आणि मग पुकारा सुरू होतो. पूर्वी पुष्कळ बाजारांत हा व्यवहार रुमालाखाली चाले. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचे हात धरीत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि माल ज्याचा तो शेतकरी बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत उभा राही. पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलावाचा नियम आला, आणि इस्लामपूरहून सांगलीला हळद नेणारा शेतकरी आता निदान कोण किती बोलले हे आपल्या कानांनी ऐकू शकतो.

हळदीचे एक बरे असते. काल ती काय भावाने गेली हे वर्तमानपत्रात छापून येते. शेजारच्या राशीचा भाव पाच मिनिटांपूर्वीच फुटलेला असतो. त्यामुळे पहिली बोली कोणी अगदीच वेडीवाकडी बोलत नाही. चित्राचे काय करावयाचे? ते जगात एकच असते. कापड आणि रंग यांचा खर्च काढला तर तो काही शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत बसतो. ते घेतले नाही म्हणून कोणाच्या घरी चूल पेटावयाची राहत नाही. अशा वस्तूवर विकणाऱ्याने पहिला आकडा कोणता लिहावा?

हा प्रश्न आमच्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतूनही ऐकू येऊ लागला, याला कारण २०२५ सालच्या बातम्या. त्या वर्षी मार्च महिन्यात न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेले. आपल्या पैशांत हे सुमारे ११८ कोटी रुपये होतात. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेल्या या माणसाने ते १९५४ साली काढले. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आलेल्या एका नॉर्वेवासी डॉक्टराने ते विकत घेऊन मायदेशी नेले आणि पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. तेथे कित्येक वर्षे ते भिंतीवर होते आणि बाहेरच्या कलाजगताला त्याचा पत्ताही नव्हता. एप्रिलमध्ये तय्यब मेहता यांचा ‘बांधलेला बैल’ मुंबईच्या सॅफ्रनआर्टकडे ६१ कोटी ८० लाखांना गेला. सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना गेले. बातमी वाचली की घरातल्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आजोबांची चित्रे आठवावयाचीच!

या बातम्यांत मोठ्या आकड्याच्या खाली एक लहान आकडा छापलेला असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘ग्रामयात्रे’चा लिलावापूर्वी जाहीर झालेला अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरांचा होता, म्हणजे चित्र वरच्या अंदाजाच्या जवळजवळ चौपट भावाने गेले. तय्यब मेहतांच्या बैलाचा अंदाज ५ ते ७ कोटींचा होता आणि भाव आला त्याच्या पावणेनऊपट. आता, रोज हाच धंदा करणाऱ्या, चार देशांत कचेऱ्या असलेल्या या जाणत्या मंडळींना आपल्या मालाची किंमत कळत नव्हती असे म्हणावे काय? मुळीच नाही. अंदाज कमी ठेवणे हीच त्यांची विद्या आहे.

कमी अंदाज पाहून काय होते? एरवी जो त्या वाटेला गेला नसता तो माणूसही म्हणतो, “बघू तरी.” तो यादी मागवतो, चित्र पाहून येतो, पैशांची जुळवाजुळव करतो. त्याच्या मनात चित्र त्याच्या दिवाणखान्यात टांगलेसुद्धा जाते. लिलावाच्या दिवशी असे सात-आठ जण जमले की पुढची किंमत अंदाज चढवीत नाही, ते एकमेकांना चढवितात. उलट पहिलाच आकडा शिखरावर लिहिला, तर त्या पायरीवर पाय ठेवायलाच कोणी येत नाही, आणि एकटा आला तर तो वर कशाला चढेल?

विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एक लेख लिहून या गोष्टीच्या मुळाशी हात घातला. उघड लिलावात शेवटचा भाव जिंकणारा ठरवीत नाही, तर त्याच्या लगोलग मागे असलेला, हरणारा माणूस ठरवितो. जिंकणाऱ्याची तयारी एक लाख देण्याची असेल, पण दुसरा चाळीस हजारांवर थांबला, तर चित्र चाळीस हजारांहून एक पायरी वर जाऊन संपते. उरलेले साठ हजार जिंकणाऱ्याच्या खिशातच राहतात. विक्रीसाहेबांना या कामासाठी १९९६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ते वारले. (आपल्या सिद्धांताची किंमत पदरात पडल्यावर तिचा उपभोग घ्यायला इतका थोडा वेळ फारच थोड्यांना मिळाला असेल.) विकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. त्याला एक श्रीमंत गिऱ्हाईक पुरत नाही. तेच चित्र हवे असलेली दोन माणसे लागतात.

मराठी माणसाला या तत्त्वाचा एक घरचा दाखला २०२५ सालीच मिळाला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे यांची तलवार २९ एप्रिल रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. जाहीर अंदाज दहा हजार पौंडांच्या आतलाच होता. ती गेली ३८ हजार १०० पौंडांना, आणि वाहतूक, विमा, कर धरून महाराष्ट्र शासनाला ४७ लाख १५ हजार रुपये पडले. शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली, हे मला विशेष शहाणपणाचे वाटते. समोर एक अख्खे राज्य बोली बोलत आहे आणि ते मागे हटणार नाही, हे एकदा सर्वांना कळले म्हणजे बोली चढविण्याचा खेळ खेळायला कितीजण पुढे आले असते कोण जाणे!

गांधीजींच्या चष्म्याची गोष्ट याहून गमतीची. २०२० साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका लहानशा लिलावगृहाच्या पत्रपेटीत कोणीतरी एक साधा लिफाफा टाकून गेले. शनिवार-रविवार तो पेटीतून अर्धवट लोंबकळत होता. त्यात हा चष्मा निघाला. लिलावगृहाने अंदाज धरला दहा ते पंधरा हजार पौंड, आणि तो गेला २ लाख ६० हजारांना. ते दिवस महामारीचे. बोली टेलिफोनवरून आणि संगणकावरून येत होत्या.

मग काय, आकडा शून्याजवळ लिहावा आणि देवावर भार टाकावा? तसेही नाही. लिलावगृहे एक आकडा छापतात आणि दुसरा पोटात ठेवतात. याला राखीव किंमत म्हणतात. सरकारी लिलावात तिला ‘सरकारी बोली’ म्हणतात आणि ती उघड सांगतात. चित्रांच्या लिलावात ती मालक आणि लिलावगृह यांच्यातच गुप्त असते. रिवाज असा की राखीव किंमत छापील अंदाजाच्या खालच्या आकड्यावर जाऊ नये. बहुधा ती त्याहून थोडी खालीच ठेवतात. बोली तिच्यापर्यंत पोहोचली नाही तर चित्र विकले जात नाही, मालकाकडे परत येते.

यात मालकाची अब्रू राखली गेली असे वाटेल. परंतु चित्राची गेलेली असते. न विकले गेलेले चित्र जळाले असे या धंद्यातले लोक म्हणतात. आता कोणी कुठे कितीला सोडले हे सारे संगणकावर कायमचे नोंदलेले राहते. तेच चित्र पुन्हा बाजारात आले की घेणारा प्रथम विचारतो, “तेव्हा का गेले नाही?” आपल्याकडे एकदा मोडलेल्या सोयरिकीला पुढे जी उत्तरे द्यावी लागत, तशातलाच हा प्रकार. म्हणून जाणते लिलावदार लोभी मालकाशी पहिली लढाई राखीव किमतीवरच करतात. ती किंमत उंच ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्या मालकाचे चित्र घेण्याचेच ते पुष्कळदा नाकारतात.

आणखी एक बारकावा. छापून येते ती सगळी रक्कम विकणाऱ्याची नसते. लिलावगृह घेणाऱ्याकडून बोलीवर वेगळे शुल्क घेते. ही प्रथा लंडनच्या दोन मोठ्या गृहांनी १९७५ साली सुरू केली. बैलाच्या ६१ कोटी ८० लाखांतली खरी बोली ५१ कोटी ५० लाखांची. वरचे शेकडा वीस शुल्काचे. विकणाऱ्याकडूनही दलाली घेतात, ती वेगळी. तेव्हा घेणाऱ्याने शुल्क आणि कर जमेस धरूनच आपली शेवटची बोली ठरवावी, आणि विकणाऱ्याने हातात पडणारा आकडा कागदावर मांडून मगच हुरळून जावे.

आता घरबसल्या होणाऱ्या लिलावाकडे वळू. मुंबईच्या सॅफ्रनआर्टने चित्रांचा पहिला संगणकावरचा लिलाव २००० सालच्या डिसेंबरात केला. त्या वेळी आमच्याकडे संगणकाला टेलिफोनची तार जोडली की घरचा फोन बंद पडे! आज इस्लामपूरच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा असलेला तरुण हातातल्या फोनवरून न्यूयॉर्कच्या चित्राला बोली लावू शकतो. बोली परवडली पाहिजे, एवढेच.

यंत्राने बोलीची रीत बदलली. लिलाव दिवसच्या दिवस उघडा राहतो. घेणाऱ्याने आपली शेवटची मर्यादा यंत्राला गुपचूप सांगून ठेवावयाची, आणि यंत्र दुसऱ्याच्या बोलीवर एकेक पायरी त्याच्या वतीने चढत जाते. विक्रीसाहेबांचा सिद्धांतच हा. फक्त आता तो यंत्रात बसविलेला आहे. पण माणूस तो माणूस. अमेरिकेतल्या ईबे या १९९५ साली निघालेल्या लिलावपेढीवर ठरलेल्या ठोक्याला लिलाव संपे, त्यामुळे पुष्कळ लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसत आणि मग झडप घालीत. ॲमेझॉनच्या लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली या दोहोंची तुलना करून दाखविले की, वेळ वाढते तेथे ही झडप पुष्कळच कमी होते. आजचे चित्रांचे बहुतेक लिलाव ही वेळ वाढविण्याचीच रीत पाळतात, आणि ती विकणाऱ्याच्या हिताची आहे. आपल्या ‘एक वार, दोन वार’मध्ये थांबत थांबत पुकारणारा माणूस दुसरे काय करीत असे?

झडप घालण्याची ही युक्ती आजची आहे असे मात्र समजू नये. सतराव्या शतकात लंडनला मेणबत्तीचा लिलाव असे. इंचभर मेणबत्ती पेटवावयाची, आणि ती विझण्यापूर्वीची शेवटची बोली ज्याची त्याचा माल. सॅम्युएल पेपिस हा प्रसिद्ध रोजनिशीकार १६६२ सालच्या नोंदीत सांगतो की, अशा एका लिलावात एक गृहस्थ दर वेळी नेमकी शेवटची बोली साधीत असे. त्याला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो. तो उतरला की मी बोलतो. साडेतीनशे वर्षांनंतर लोक घड्याळाचा काटा पाहू लागले, धुराचा नाद सुटला, एवढाच फरक.

जिंकणाऱ्याचीही एक व्यथा असते. ज्याने सर्वांत जास्त बोली दिली तो, बाकी सगळ्यांच्या मते, जास्तच देऊन बसलेला असतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘जिंकणाऱ्याचा शाप’ म्हणतात. याची सर्वांत मोठी गोष्ट रोमची. इसवी सन १९३ मध्ये बादशहाच्या रक्षकदलाने बादशहाला ठार मारून साम्राज्याचे सिंहासनच लिलावात काढले. डिडियस ज्युलियानस या धनाढ्याने ते शिपायांना रोख रकमा कबूल करून घेतले, आणि ६६ दिवसांनी त्याचाही वध झाला. त्याने राखीव किंमत विचारली होती की नाही, इतिहासाला ठाऊक!

एवढा वेळ मी मालक, दलाल आणि गिऱ्हाईक यांच्याविषयी लिहिले. ज्याने चित्र काढले तो या सौद्यात कोठे उभा असतो? पूर्वीच्या शेतकऱ्याप्रमाणे रुमालाबाहेर. खरे सांगायचे तर त्याहूनही दूर.

गायतोंड्यांचेच पाहा. १९२४ साली नागपुरात गोव्याच्या घराण्यात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. शाळेत शिकला, पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये छोट्या जागेत एकटा राहिला. वर्षाला मोजकीच चित्रे काढी. लोकांत मिसळत नसे, विकण्यासाठी धावपळ करीत नसे. १९७१ साली पद्मश्री मिळाली. १९८४ सालच्या अपघाताने ते जायबंदी झाले. २००१ साली ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली असे आठवत नाही. मग २०१३ साली क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्याच लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. २०१५ साली भाव २९ कोटींवर गेला, २०२१ साली ४० कोटींच्या घरात, २०२५ साली ६७ वर. चित्रे मोजकी, काढणारा आता नाही, जगाने शिक्का मारलेला. भाव चढण्याची सगळी कारणे जमली. त्यांतल्या एकाही पैशाने त्यांच्या निजामुद्दीनच्या खोलीतले दिवस सुखाचे झाले नाहीत.

अमेरिकेत १९७३ साली यावरून धक्काबुक्कीच झाली. रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराकडून एका टॅक्सी-कंपनीच्या मालकाने ९०० डॉलरना घेतलेले चित्र लिलावात ८५ हजारांना गेले. चित्रकार तेथे हजर होता. लिलाव संपताच त्याने मालकाला ढकलून सुनावले की, माझे कष्ट आणि नफा मात्र तुझा.

फ्रान्सने या अन्यायावर १९२० सालीच कायदा केला होता. पुनर्विक्रीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना. इंग्लंडात २००६ पासून असा हिस्सा मिळतो, शेकडा चारपासून खाली उतरत जाणारा आणि वर साडेबारा हजार पौंडांची मर्यादा असलेला. आपल्याकडे? आपल्याकडेही आहे, हे पुष्कळांना सांगूनही खरे वाटत नाही! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ‘५३ अ’ हे कलम घातले गेले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर मूळ कलावंताला अथवा त्याच्या वारसाला त्यात हिस्सा मागता येतो; तो शेकडा दहापेक्षा अधिक असू नये, एवढे बंधन. आम्हा भाषेच्या शिक्षकांना बरे वाटावे अशी गोष्ट म्हणजे साहित्यकृतीच्या मूळ हस्तलिखितालाही हे कलम लागू आहे. कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे कॉपीराइट असेतो, हा हक्क टिकतो. पण कलम पुस्तकात राहिले. आज कोटींच्या उड्या पाहणाऱ्या बहुतेक चित्रकार-कुटुंबांना या तरतुदीचे नावही ठाऊक नसते. सभांतून कलेची थोरवी गाणाऱ्यांनी एकदा हे कलम अमलात आणण्यासाठी आवाज उठवावा, असे मला मनापासून वाटते.

घरात जुने चित्र असलेल्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. “आमच्याकडे राजा रविवर्म्याचे मूळ चित्र आहे,” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तेथून लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छापील तसबिरी महाराष्ट्रभर घराघरांत गेल्या. चौकटीच्या खाली बारीक अक्षरांत ‘रविवर्मा प्रेस’ दिसते का, भिंगातून पाहिले तर छपाईचे ठिपके दिसतात का, हे आधी पाहावे. छापील तसबिरीलाही हौशी गिऱ्हाईक आहे, पण तो बाजार वेगळा आणि आकडेही वेगळे. मूळ चित्र कसे असते हे पाहावयाचे असेल तर आमच्याकडच्या माणसाला लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय आहे. तेथे रविवर्म्याचे मूळ काम भिंतीवर पाहायला मिळते. आणि हाती रविवर्म्याचे खरे चित्र असले तरी ते देशाबाहेर विकता येत नाही. १९७२ च्या कायद्याखाली त्याची, अमृता शेरगिल यांची आणि आणखी काही मोजक्या कलावंतांची कामे राष्ट्रीय ठेवा ठरली आहेत. तेव्हा गिऱ्हाईक देशातच शोधावयाचे.

पण कोटींच्या गप्पा पुरे. आमच्यासारख्या गावांतला खरा प्रश्न ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचा आहे.

माझ्या परिचयाचे असे एक मास्तर वाळवे तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी जलरंगात कृष्णाकाठ काढला: गुऱ्हाळे, उसाच्या गाड्या, बह्याचे रामलिंग बेट, पुरातला पूल. ते गेल्यावर घरात दीडशेवर चित्रे निघाली. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून सहा चित्रे संगणकावरच्या एका लिलावात घातली आणि प्रत्येकाची सुरुवातीची बोली पन्नास हजार ठेवली. दहा दिवसांत एकही बोली आली नाही. तेव्हा कोणीतरी त्याला सल्ला दिला की, सुरुवात अगदी खालून कर. त्याने पाचशे रुपये लिहिले, राखीव काही ठेवले नाही. दोन चित्रे गेली: एक पाचशेला, एक सातशेला. टपालखर्च वजा जाता काय उरले ते विचारू नये.

दोन्ही वेळी कमी पडले ते एकच. मास्तरांचे नाव ठाऊक असलेली दोन माणसे त्या लिलावात नव्हती. हुसेनांचा अंदाज कमी लिहिला तरी चालतो, कारण जगभरचे पन्नास जण त्या क्षणाची वाट पाहत असतात. त्या कमीपणाला लोक आमंत्रण समजतात. अनोळखी नावाखाली पाचशे रुपये लिहिले की लोक त्यालाच किंमत समजतात. शिवाय पडद्यावर सगळी चित्रे तळहाताएवढीच दिसतात. कागदाचा पोत दिसत नाही, पाण्याने पसरलेला रंग हाताच्या अंतरावरून पाहण्याचा आनंद मिळत नाही.

म्हणून नवख्या किंवा गावातल्या चित्रकाराने लिलावाच्या वाटेला आधी जाऊच नये. निश्चित किमतीने विकावे, असे जाणकार सांगतात आणि मला ते पटते. किंमत ठरविण्याची चित्रकारांत एक साधी रीत आहे: चौरस इंचाला अमुक रुपये. अर्ध्या इम्पीरियल कागदाचे चित्र १५ गुणिले २२, म्हणजे ३३० चौरस इंच. इंचाला दहा रुपये धरले तर ३,३०० रुपये, चौकट वेगळी. यात कलेचा अपमान होतो असे काहींना वाटते. पण गिऱ्हाइकाला सांगायला कारण मिळते आणि ‘हे आवडले म्हणून महाग’ असा भाव राहत नाही. घरी एक किंमत आणि प्रदर्शनात दुसरी, असे करू नये; प्रदर्शन भरविणारा आपला हिस्सा घेतो तो त्या किमतीतूनच जावा. दर वर्षी थोडा दर वाढवावा, एकदम नको, आणि एकदा वाढविलेला खाली आणू नये. २००८ च्या मंदीत ज्या तरुण चित्रकारांचे भाव आधीच्या तीन वर्षांत आकाशाला लावले होते, त्यांतल्या कित्येकांना पुढे गिऱ्हाईकच राहिले नाही. आणि प्रत्येक चित्राची पावती द्यावी, आपल्याकडे नोंद ठेवावी. उद्या ते चित्र खरे की खोटे हा प्रश्न निघाला तर तीच साक्ष.

मास्तरांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणतो. त्यांनी मुलाला म्हटले, “अरे, त्यांची पोरं इथंच आहेत की सगळी. त्यांना विचारलंस का?” काकूंची पोरं म्हणजे मास्तरांचे चाळीस वर्षांचे विद्यार्थी. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्याच एका सभागृहात तीन दिवस चित्रे लावली. दर वर सांगितल्याप्रमाणे इंचाचा. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली मंडळी आली, साखर कारखान्यातले आले, ज्यांना मास्तरांनी पट्टी मारली होती तेही आले. एकोणीस चित्रे गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बह्याच्या बेटाच्या चित्रापुढे दोघे जण उभे राहिले. श्रावणातली कृष्णा, बेटाला वेढा घातलेले गढूळ पाणी, वर देवळाचे शिखर. एक सांगलीचे डॉक्टर, दुसरे बह्याचेच, आता पुण्यात कारखाना असलेले. दोघांनाही तेच हवे. किंमत तीन हजार तीनशे लिहिलेली होती. डॉक्टर म्हणाले, मी चार देतो. दुसऱ्याने पाच म्हटले. मुलगा गोंधळून आईकडे पाहू लागला. काकू काहीच बोलल्या नाहीत. भोवती माणसे जमली, आणि मागून कोणीतरी हौसेने “एक वार” म्हणून पुकारले. अकरा हजारांवर डॉक्टर हसून मागे सरले.

काकूंनी पावती स्वतःच्या हाताने लिहिली. चित्राचे नाव, माप, कागद, रक्कम. मग चित्र उलटे करवून, पाठीमागे मास्तरांनी पेन्सिलीने घातलेली तारीख चष्मा पुसून वाचली आणि तीही पावतीवर उतरून घेतली.